तावडेकाकू आणि कच्चा हेडर

तावडेकाकूंना घरात खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, जेवण ओट्याला टेकून, फोन आला की दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या. पाहुण्यांना बसवायच्या आणि स्वतः मोरीतला नळ बंद आहे का ते बघायला जायच्या. नळ बंदच असायचा. त्या बसायच्या एकाच ठिकाणी, त्यांच्या व्हॅनच्या ड्रायव्हरच्या सीटवर, आणि तिथेसुद्धा बसल्यासारख्या वाटायच्या नाहीत. सीटच्या पुढच्या काठाला टेकलेल्या, मान पुढे, एक हात गिअरवर. सिग्नलला गाडी उभी असली तरी तो हात गिअर हलवून बघायचा, न्यूट्रलमध्येच आहे ना.

बोरिवलीत, गोराईच्या खाडीकडे पाठ करून उभ्या असलेल्या आमच्या बिल्डिंगमधून त्या शाळेची व्हॅन चालवायच्या. अकरा मुलं, पहिली ते चौथीतली. पंजाबी ड्रेसवर खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात रुमाल आणि सेफ्टी पिनांचा जुडगा, कारण कुणाचं ना कुणाचं बटण तुटलेलंच असायचं. गाडीतला मधला आरसा रस्त्यासाठी नव्हता, पोरांसाठी होता. मागून कोण येतंय ते त्या कानाने ओळखायच्या.

मला त्या नावाने हाक मारायच्या नाहीत, ‘बीएस्सी’ म्हणायच्या. माझे वडील गोदामात माल उचलायचे, आई चार घरी पोळ्या करायची, आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. केमिस्ट्री. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होते, पण मिरवायलाच सांगते. कांदिवलीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात मी नोकरीला होते. तिथे लोखंडाच्या भागांवर उष्णता सहन करणारं कोटिंग चढवतात, आणि ते नीट चढलं की नाही हे तपासून सही करणारी मी. जिन्यात भेटल्या की काकू विचारायच्या, “काय गो बीएस्सी, किती पाइप पास केलेस आज?” आणि उत्तर ऐकायच्या आत खाली पोचलेल्या असायच्या.

व्हॅन खरं तर तावडेकाकांनी घेतलेली. त्यांची कंपनी बंद झाली तेव्हा जे मिळालं त्यातून. काका ड्रायव्हिंग क्लासला जायचे आणि एकट्याला धीर होत नाही म्हणून काकूंना मागच्या सीटवर बसवायचे. क्लासचा मास्तर काकांवर खेकसायचा. मागे काकू पायाखाली नसलेला क्लच दाबत असायच्या. क्लास संपल्यावर काकांनी एकदा व्हॅन पुलाच्या चढावर नेली आणि ती मागे घसरायला लागली. काकांनी हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, “तू बस.” काकू बसल्या त्या बसल्याच. काकांनी पुढे एका सोसायटीत लिफ्टमनची नोकरी धरली. “मी पण गाडीच चालवतो,” म्हणायचे, “माझी वर-खाली जाते, हिची आडवी.”

काकूंचं एक होतं. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या कपाळाला त्या हात लावायच्या. एका सेकंदाचं काम. “जा आत. जा आत. तू थांब. गरम आहेस, वर जा.” एकदा अन्वय नावाच्या दुसरीतल्या मुलाला त्यांनी असंच परत पाठवलं. त्याची आई पायऱ्यांवरच भडकली, तिची ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती. थर्मामीटर आणला. नव्व्याण्णव निघाला. “नव्व्याण्णवला कुणी ताप म्हणतं का हो?” काकू म्हणाल्या, “ताई, दहा पोरं बसलीत आत. त्यांना पण आया आहेत.” आणि निघून गेल्या. संध्याकाळी अन्वयला एकशे दोन होता. काकूंनी ते कुणालाही बोलून दाखवलं नाही. मात्र त्या बाईच्या मनात काही राहिलं असावं. बरोबर ठरणाऱ्या माणसाला कुणी लवकर माफ करत नाही.

मग त्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. अन्वय गाडीतून उतरताना म्हणायला लागला, डोकं दुखतं. पहिल्या दिवशी काकूंनी त्याच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, मोबाइल बघतो, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची मुलगी गाडीतच ओकली. तिसऱ्या दिवशी अन्वयला शाळेच्या गेटवर हलवून उठवावं लागलं. काकूंनी त्याचा डबा उघडून हुंगला, पाण्याची बाटली हुंगली, कपाळाला दोनदा हात लावला. ताप नाही. मग परत येताना रिकामी गाडी बाजूला लावून त्या विचार करत राहिल्या की ही दोन्ही पोरं बसतात कुठे. बसायची ती पुढच्या सीटच्या अगदी मागे. आणि ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं.

घरी आल्या, सीट उचलली, देवापुढची उदबत्ती आणून पेटवली आणि इंजिन चालू ठेवून जोडाजोडाशी धरत गेल्या. धूर सरळ वर जात होता. एका जागी तो एकदम आडवा फेकला गेला. तिथे तडा होता.

मला हाक मारली. मी वाकून पाहिलं. इंजिनातला जळका वायू तीन नळ्यांतून बाहेर येतो आणि त्या तिन्ही एकत्र होऊन पुढे सायलेन्सरकडे जातात, त्या भागाला तडा गेला होता. गॅरेजवाले त्याला हेडर म्हणतात. मी त्यांना सांगितलं, “काकू, ह्यातून जो वायू आत येतो त्याला वास नसतो. झोप येते, डोकं दुखतं आणि...” त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि काकांच्या हातात दिली, जणू स्वतःवरच विश्वास नव्हता.

“पोरांका काय झाला असता तर खंय तोंड दाखवू मी,” एवढंच त्या म्हणाल्या. मालवणी त्यांच्या तोंडातून मन अस्वस्थ असलं की यायची, एरवी फक्त ‘गो’पुरती.

सुट्टीला दोन दिवस उरले होते. ते दोन दिवस त्यांनी पोरांना रिक्षांतून नेलं, तीन रिक्षा, पुढच्या रिक्षात स्वतः, दर सिग्नलला बाहेर डोकं काढून मागच्या दोन मोजत. शाळेच्या ऑफिसातून त्यांना सांगण्यात आलं, तेही स्वच्छ शब्दांत: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी गाडी तयार नसेल तर मुलं कंत्राटदाराच्या बसला जोडू. तो कंत्राटदार दोन वर्षं ह्या अकरा मुलांवर डोळा ठेवून होता. त्याने काकूंनाही विचारलं होतं, बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला बाई लागते, या. काकू मला म्हणाल्या, “चढवायला-उतरवायला. म्हणजे लिफ्टमन घरात दोन झाले.” हसल्या नाहीत.

दिवाळीची सुट्टी पंधरा-सोळा दिवसांची. त्या दिवसांत त्यांच्या घरी फराळ झाला की नाही मला आठवत नाही. त्या कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन आल्या. तिथे तशाच व्हॅनचे तीन जुने हेडर मिळाले, तिन्हींत काकूंनी दुकानातच पाणी ओतून पाहिलं, तिन्ही गळके. दुकानदार म्हणाला, मॅडम, पुराना माल है, इतना तो चलता है. “भाई, मेरे में बच्चे बैठते हैं,” म्हणाल्या आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर.

शेवटी सापडला जोसेफ. मढचा माणूस, होड्यांच्या इंजिनांचे धुराचे पाइप बनवणारा, मार्वे रोडला पत्र्याची शेड. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी काकूंबरोबर गेले. जोसेफने जुना हेडर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“बीड आहे हे. ओतीव,” तो म्हणाला. “वेल्डिंग मारून देईन बाय, पण बीडाचं वेल्डिंग. दिवाळीत सुटेल की नाताळात, मी नाय सांगणार.”

“मग?”

“नवीन बनवतो. पोलादी पाइप वाकवून. तीन नळ्या, एक तोंड. चार दिवस.”

“गंजेल?”

“गंजणार. खाडीच्या कडेला गाडी उभी करतेस, मग गंजणार नाय तर काय करणार? कच्चाच बसवलास तर दीड वर्षं, दोन वर्षं. कोटिंग करून घेतलंस तर चार-पाच.” त्याने माझ्याकडे हनुवटी केली. “ही पोरगी त्याच धंद्यात आहे ना? तिला विचार.”

मला विचारलं म्हटल्यावर मी बोलले. चांगलं दहा मिनिटं बोलले. आधी बारीक छर्रे मारून पाइप साफ करतात, मग फवारा, मग भट्टी. कोटिंगमुळे पाइपाची धग बाहेर कमी फेकली जाते, सीट कमी तापते, गंज लागत नाही. क्रोमचा चकचकीत मुलामा नको, तो महिन्यात निळा पडून सोलतो. काळा रंग नको, जळून जातो. कापडी पट्टी गुंडाळतात ती तर मुळीच नको, तिच्यात ओल बसते आणि पाइप आतून सडतो. कोटिंगच करा. काकू हे सगळं शेडमध्ये इकडून तिकडे फिरत ऐकत होत्या. जोसेफच्या हातोड्या सरळ करून ठेवत होत्या.

पैशाचं सांगायचं तर एवढंच, की पाइप बनवायला जेवढे लागणार होते जवळजवळ तेवढेच कोटिंगला लागणार होते, आणि काकूंकडे एकाच गोष्टीचे जादा होते. मी मालकांना विचारून थोडं कमी करून घेतलं होतं. तरीही एकच गोष्ट.

“आणि जोडाचं?” काकूंनी जोसेफला विचारलं. “जिथून धूर येत होता तिथलं?”

“तोंडाची पट्टी घासून सपाट करायला हवी. नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट. इंजिनच्या झाकणाचा रबर गेलाय, तो. आणि मधे पत्रा टाकतो, अंतर ठेवून, धग वर जायला नको. त्याचे वेगळे.”

“किती वेगळे?”

जोसेफने सांगितलं. आकडा कोटिंगच्या आसपासच होता.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या गाळ्यावर आल्या. मी त्यांना दोन तुकडे दाखवले, एक कोटिंगवाला आणि एक कच्चा, दोन्ही सारखेच तापवलेले, आणि दोन्हींवर हात धरायला लावला. फरक त्यांना कळला. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

“कोटिंगच्या आतून पाइप सडला तर बाहेरून कधी कळतं?”

“तसं लवकर होत नाही काकू.”

“झालं तर?”

“उशिरा कळतं,” मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

“मग कच्चाच बसवते,” त्या म्हणाल्या. “तुझं कोटिंग पाइपाला वाचवतं गो. पोरांना रबर आणि पत्रा वाचवतो. आणि कच्चा म्हटला की मी दर शनिवारी सीट उचलून बघणार. झालाय लाल, किती झालाय. कोटिंग केलं की मी पण निवांत झोपणार. मला निवांतपणा नकोच आहे.”

मला राग आला. बी.एस्सी. झाल्यावर माणसाला असं वाटतं की आपण सांगितलं की लोकांनी ऐकावं, आणि मी तर आमच्याकडची पहिली. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसावं. त्या जोसेफच्या शेडमध्ये उभ्या राहून प्रत्येक बोल्ट आवळताना बघत होत्या. जोसेफने मला नंतर सांगितलं, “तुझ्या काकूने माझ्याकडून तीन वेळा पट्टी घासून घेतली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, बाय, आता घासायला काही उरलं नाय.”

पण बरोबर त्याच होत्या. हे मला नंतर कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी संध्याकाळी गाडी तयार, उदबत्ती धरून पाहिलेली, धूर सरळ. आणि मग ती एक संध्याकाळ त्यांना काढवेना. आता करायला काही उरलं नव्हतं, आणि काही न करणं हे काकूंना जमत नसे. सीट उचलून बघितली तर नवीन पाइपावर खाडीच्या हवेने दोन दिवसांतच तांबूस छटा आलेली. त्यांच्या घरात बीडाचा तवा होता, कणकवलीकडून आणलेला, सासूच्या वेळचा. घावन काढून झाले की धुवायचा, पुसायचा, खोबरेल लावून ठेवायचा. चाळीस वर्षांत त्याला गंज माहीत नाही. त्यांनी तेलाची बाटली हातात घेतली आणि मला फोन केला.

मी मैत्रिणीच्या हळदीला होते. बाजूला ढोल. काकूंनी विचारलं, “कच्च्या लोखंडाला तेल लावलं तर चालतं ना गो?”

मी म्हटलं, “हो काकू, कच्च्या लोखंडाला तेलच लावतात.”

कुठल्या लोखंडाला, हे मी विचारलं नाही. आमच्या गाळ्यात कच्चे पाइप भट्टीची वाट बघत पडून असतात तेव्हा त्यांना तेल लावतात, माझ्या डोळ्यांपुढे ते होतं. वर हेही खरं, की त्यांनी माझं कोटिंग नाकारल्याचा राग थोडा उरला होता आणि मला फोन लवकर ठेवायचा होता. काकूंनी जुन्या बनियनच्या फडक्याने तिन्ही नळ्यांना, जोडाला, पत्र्याच्या आतल्या बाजूला हात पोचेल तिथे तिथे तेल चोळलं. तव्याला चोळतात तसं, दोन हात.

सोमवारी सकाळी अकराही मुलं गाडीत होती. लिंक रोडच्या सिग्नलला पुढच्या सीटखालून पांढरा धूर यायला लागला.

पुढचं मी मुलांकडून ऐकलं, आणि प्रत्येकाने तेच सांगितलं, म्हणून खरं मानते. काकूंचा आवाज चढला नाही. त्यांनी गाडी डाव्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, “आगगाडी.” हा त्यांच्यातला खेळ होता. पुढच्याच्या दप्तराचा पट्टा मागच्याने धरायचा आणि हसायचं नाही. अकराजणांची आगगाडी सरकत्या दारातून उतरून फुटपाथवर गेली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. काकूंनी डोकी मोजली. दुसऱ्यांदा मोजली. मग परत जाऊन सीट उचलली. आग नव्हती. वास होता. सगळ्या सिग्नलला खोबरेल तापल्याचा वास, नारळीभात लागल्यासारखा. एका रिक्षावाल्याने विचारलं, “मावशी, काय तळताय?” तेव्हा त्यांना कळलं.

पण तोवर कुणीतरी मोबाइलवर धूर काढून घेतला होता. दुपारपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर होता. धूर दिसत होता, फुटपाथवरची मुलं दिसत होती, वास काही मोबाइलमध्ये येत नाही. अन्वयच्या आईने खाली लिहिलं की आपण आपली मुलं कुणाच्या हातात देतोय. कंत्राटदाराचा माणूस दुपारीच शाळेच्या ऑफिसात जाऊन आला.

काकूंनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. सगळ्यांना एकच निरोप धाडला: संध्याकाळी सहाला खाली या, गाडी बघा, मग ठरवा. तोपर्यंत त्यांनी रिकामी गाडी कांदिवलीपर्यंत दोनदा पळवून आणली, तेल जळून संपेस्तोवर.

सहाला आठ घरांतली माणसं आली. मी पायरीपाशी उभी होते. काकूंनी सीट उचलून दाखवली, पाइप दाखवला, इंजिन चालू करून उदबत्ती जोडावर फिरवली. धूर सरळ. लोक बघत होते, पण मान कुणी हलवत नव्हतं. मग त्यांनी सीट खाली केली, सगळ्या काचा वर चढवल्या, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि अन्वयच्या जागेवर जाऊन बसल्या. सरकतं दार आतून ओढून घेतलं.

तावडेकाका बाहेर घड्याळ बघत उभे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. काचेतून काकू दिसत होत्या, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. ज्या बाईला चहा बसून पिता येत नव्हता. कुणी खोकलं, कुणी फोन काढून परत ठेवला. एक आजोबा म्हणाले, “पुरे हो, काढा त्यांना बाहेर.” काका म्हणाले, “वीस म्हणालीय. वीस व्हायला पाहिजेत.”

विसाव्या मिनिटाला त्या बाहेर आल्या. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. म्हणाल्या, “डोकं दुखत नाही. झोप येत नाही. सकाळचा धूर तेलाचा होता. तेल मी लावलं. पाइपाची चूक नाही, जोसेफची नाही. माझी.”

अन्वयच्या आईने विचारलं, “पण असं तेल लावतात का? कुणाला विचारून लावलंत?”

मी तिथून सहा-सात हातांवर होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे न बघण्यासाठी त्यांनी मान जराशी दुसरीकडे वळवली, ते फक्त मला कळलं.

“कुणाला विचारायचं?” त्या म्हणाल्या. “गाडी माझी, तेल माझं.”

पुढे यायला एक पाऊल पुरलं असतं. पण मला त्या क्षणी आमचा गाळा दिसला, माझी सही दिसली, मालक दिसले, आणि चार लोक माझ्याकडे वळून बघतील ते दिसलं. एवढं शिकून एक साधं ‘हो’ मला नीट देता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत सात मुलं बसली. चार बसला गेली, त्यांत अन्वय. सातांवर गाडी कशीबशी चालते, नफा असा नाही. शाळेने गेट बंद केलं नाही, एवढंच. काकू पूर्वीसारख्याच फिरत राहिल्या. दर शनिवारी सीट उचलून पाइप बघायच्या. तो तांबूस झाला, मग तपकिरी झाला. पुढे नेमका किती टिकला ते मला पक्कं माहीत नाही, कारण त्यानंतर थोड्याच महिन्यांत माझं लग्न झालं आणि मी मुलुंडला आले.

बिल्डिंगमध्ये त्यानंतरही आमची तोंडदेखली बोलणी झाली असतील. पण काकूंना नीट पाहिलं असं म्हणावं, ते शेवटचं त्या संध्याकाळनंतर महिनाभराने. सकाळी मी रिक्षास्टँडकडे निघाले होते. अन्वयच्या सोसायटीच्या गेटाबाहेर काकूंची व्हॅन उभी. अन्वय तर बसने जायचा. मी वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “रोज थांबतात. हॉर्न नाही, काही नाही. दोन मिनिटं थांबतात आणि जातात.” गेलेल्या चारही मुलांच्या दारांत त्या अशा थांबायच्या, हे मला तेव्हा कळलं. गाडीतल्या मुलांना त्यासाठी आठ मिनिटं लवकर उठावं लागायचं आणि त्यांची तक्रार नव्हती.

मी पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. खाली इंजिन चालू होतं. सीट कोमट होती, तेवढीच.

“काय गो,” काकू म्हणाल्या. डोळे गेटवर. “ऑफिसाक उशीर नाय होत?”

“काकू, तेलाचं मी हो म्हटलं होतं.”

“ठाऊक आहे. फोन मीच केला होता.”

“त्या दिवशी मी बोलले नाही.”

“बरं केलंस.” त्यांनी गिअर हलवून पाहिला, न्यूट्रल. “तू पुढे आली असतीस तर त्यांनी काय म्हटलं असतं? शिकलेल्या मुलीला विचारून पण हिने धूर काढला. सातची तीन झाली असती.”

मला हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं की मी हसलेसुद्धा. काकू हसल्या नाहीत. मधल्या आरशातून, जो पोरांसाठी होता, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“पण घरी येऊन सांगायचं होतंस गो. तू तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. महिना लागला तुला.”

गेटातून एक दूधवाला बाहेर पडला, एक बाई कुत्रा घेऊन आली. मागून एका मुलीचा आवाज आला, “काकू, दोन मिनिटं झाली.”

“उतर,” काकू म्हणाल्या.

मी उतरले. दार माझ्याकडून नीट लागलं नाही. त्यांनी आतून वाकून ते उघडलं, जोरात ओढून लावलं, हाताने ढकलून लागल्याची खात्री केली, आणि गाडी पुढे काढली.